कसबा, वेस आणि पेठ : सोलापूरच्या जुन्या शहराचे पायी वाचन

प्रस्तावना

शहराचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे प्रामुख्याने दोन प्रकारची साधने असतात. पहिली लिखित : शिलालेख, फर्माने, दप्तरे, गॅझेटिअर, वृत्तपत्रे आणि न्यायालयीन कागदपत्रे. दुसरी वास्तुरूप : किल्ले, मंदिरे, मशिदी, समाध्या आणि तलाव. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे साधन असते. रस्त्यांची वळणे, बोळांची रुंदी, चौकांची आणि पेठांची नावे, तसेच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी जाण्यास लागणारा वेळ यांचा त्यात समावेश होतो. हे साधन अभिलेखागारात सापडत नाही. ते पाहण्यासाठी चालावे लागते.

सोलापूर शहराविषयीचे लेखन पाहिले असता त्यात सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, कापड गिरण्या आणि इ.स. १९३० चा लष्करी कायदा हे चार विषय ठळकपणे आढळतात. मात्र या चारही विषयांना जोडणारे जुने शहर, म्हणजे कसबा, वेशी आणि पेठा, हे बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच येते. प्रस्तुत लेखात याच पार्श्वभूमीला केंद्रस्थानी आणण्याचा प्रयत्न केला आहे. जुन्या शहरातून पायी हिंडल्याने इतिहासाच्या आकलनात कोणती भर पडते, आणि हे साधन आज कोणत्या अवस्थेत आहे, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. तुलनेसाठी भूमध्य समुद्राच्या काठावरील काही जुन्या नगरांचे दाखले घेतले आहेत. जगात जुन्या शहरातील पदभ्रमंतीची चर्चा निघाली की ती नगरे प्रथम आठवतात. आपल्या कसब्याशी त्यांचे असलेले नाते मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

'कसबा' या शब्दाचा प्रवास

हे नाते शब्दापासूनच सुरू होते. सोलापुरात 'उत्तर कसबा' आणि 'दक्षिण कसबा' हे जुने भाग आहेत. पुण्यातही कसबा पेठ आहे. हा शब्द मूळ अरबी असून फारसीच्या द्वारे तो दख्खनी राज्यकारभारात व तेथून मराठीत स्थिरावला. आपल्याकडे परगण्याचे मुख्य, बाजारपेठ असलेले गाव म्हणजे कसबा. हाच शब्द पश्चिमेकडे गेला, तेव्हा उत्तर आफ्रिकेत त्याला तटबंदीच्या आतील बालेकिल्ल्याचा आणि पुढे जुन्या नगराचा अर्थ प्राप्त झाला. अल्जीरिया देशातील अल्जिअर्स शहराचे जुने नगर आजही 'कसबा' याच नावाने ओळखले जाते. स्पेनमधील मालागा व आल्मेरिया येथील गढ्यांच्या 'आल्काथाबा' या नावातही तोच शब्द आहे.

शब्द एक असला तरी वस्तू एकच असते असे नाही. अल्जिअर्सचा कसबा समुद्राकडे उतरणाऱ्या टेकडीवर वसला आहे, तर सोलापूरचा कसबा पठारावर, तलावाच्या आश्रयाने. परंतु उष्ण हवेतील दाट वस्तीची काही सूत्रे दोन्हीकडे सारखी आढळतात. अरुंद गल्ल्यांमुळे दुपारीही एका बाजूस सावली राहते, सपाट धाब्यांवर रात्री झोपता येते, आणि घराचे तोंड रस्त्याकडे असले तरी त्याचा श्वास आतल्या चौकाकडे असतो. सोलापूरच्या जुन्या घरांवरील माळवद, दगडमातीच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या यांचे कारण येथील उन्हाळ्यात शोधावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत रुंद रस्त्यावरून बोळात शिरले की होणारा फरक कोणत्याही आराखड्यावर दिसत नाही, पण चालणाऱ्यास तो तत्काळ कळतो.

सोन्नलगे ते सोलापूर

'सोळा गावांचे मिळून सोलापूर' ही व्युत्पत्ती शहरात सर्वतोमुखी आहे. शिलालेखांचा पुरावा मात्र निराळा आहे. शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळातील लेखांत या स्थळाचा उल्लेख 'सोन्नलगे' असा येतो. यादवकाळापर्यंत 'सोन्नलगी' हे रूप प्रचारात होते. शके १२३८ च्या कामती येथील लेखात 'सोनलीपूर', किल्ल्यातील एका लेखात 'सोनलपूर', तर किल्ल्यातीलच विहिरीवरील लेखात 'संदलपूर' अशी रूपे आढळतात. 'सोनलपूर' मधील 'न' गळून 'सोलापूर' हे नाव सिद्ध झाले असावे, असे मत गॅझेटिअरमध्ये मांडले आहे. ब्रिटिश अमदानीत त्याचे 'शोलापूर' झाले.

ही नावांची मालिका पाहता कन्नड, मराठी व फारसी या भाषांचा एकाच भूमीवर पडलेला थर लक्षात येतो. जुन्या शहरातून चालताना हा थर कानावर पडतो. कसब्यात मराठी व कन्नड, विजापूर वेशीकडे दख्खनी उर्दू आणि पुढे 'पूर्व भागात' तेलुगू अशी बोली बदलत जाते. दोन-तीन किलोमीटरच्या पायपिटीत चार भाषा ऐकू याव्यात, ही बाब या शहराच्या सामाजिक इतिहासाचा एक जिवंत दाखलाच होय.

प्रदक्षिणा : शहराची स्वतःची पदयात्रा

बाराव्या शतकातील शरण चळवळीतील एक प्रमुख शिवयोगी म्हणून सिद्धरामेश्वरांचे स्थान सर्वश्रुत आहे. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रिकेने त्यांनी कन्नडमध्ये वचने रचली. राघवांकाचे 'सिद्धराम चरित्र' हे कन्नड काव्य त्यांच्यावरच आहे. त्यांनी लोकांच्या श्रमदानातून तलाव खोदविला आणि परिसरात ६८ शिवलिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. तलाव खोदण्याचे काम चालू असतानाच अल्लमप्रभूंची व त्यांची भेट झाली आणि त्यानंतर ते कल्याणला गेले, ही कथा शरण साहित्यात प्रसिद्ध आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, ही ६८ लिंगे एका ठिकाणी नाहीत. ती गावाच्या चहूबाजूंस विखुरलेली आहेत. दरवर्षी जानेवारी महिन्यात, मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत प्रथम या ६८ लिंगांना तैलाभिषेक केला जातो. 'यण्णीमज्जन' हा त्यासाठीचा शब्द कन्नडमधून येथील मराठीत रूढ झाला आहे. सात नंदीध्वजांची मिरवणूक बाळीवेस भागातील हिरेहब्बू वाड्यापासून निघते आणि दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा या मार्गाने सिद्धेश्वर मंदिराकडे जाते. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, ही त्यामागील कथा. नंदीध्वज वाहण्याचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे.

या विधीचा धार्मिक अर्थ सर्वांस परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यावा. गावाच्या सीमेवरील खुणांना दरवर्षी चालत जाऊन स्पर्श करणे ही एक प्रकारची सीमानिश्चिती आहे. नकाशा आणि भूमापन नसलेल्या काळात गावाने आपली हद्द पावलांनी लक्षात ठेवली. तट पडले, राज्यकर्ते बदलले, रस्त्यांना नवी नावे मिळाली, तरी मिरवणुकीचा मार्ग टिकून राहिला. जुन्या शहरातून पायी हिंडण्याची कल्पना पाश्चात्त्य पर्यटनातून उसनी घेण्याची आपणास आवश्यकता नाही. ती प्रदक्षिणेच्या रूपाने येथे आधीपासूनच नांदत आहे.

किल्ला आणि त्याच्या बाहेरचे गाव

सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभा असलेला भुईकोट किल्ला बहमनी काळातील मानला जातो. त्याची दुहेरी तटबंदी, बुरूज, तीन बाजूंचा खंदक आणि पूर्वेस तलावाचे नैसर्गिक संरक्षण ही रचना मैदानी दुर्गबांधणीचा उत्तम नमुना आहे. तटाच्या बांधकामात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड वापरलेले दिसतात आणि आतही एका प्राचीन मंदिराचे अवशेष आहेत.

सोळाव्या शतकात हा किल्ला आदिलशाही व निजामशाही यांच्यातील कलहाचे कारण बनला. इ.स. १५२३ च्या सुमारास आदिलशाही राजकन्या मरियम हिच्या विवाहात तो बुऱ्हाण निजामशहास आंदण देण्याचे ठरले. ते वचन न पाळल्याने युद्धे झाली. पुढे चांदबिबीच्या विवाहप्रसंगी तो निजामशाहीकडून विजापूरकडे आंदण म्हणून आला. इ.स. १६६८ च्या तहाने सोलापूर मोगलांकडे गेले. विजापूरच्या अखेरच्या मोहिमेच्या वेळी, इ.स. १६८५ मध्ये, औरंगजेबाचा तळ येथे होता. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूर घेतले आणि ब्रिटिश अंमल सुरू झाला.

हा राजकीय इतिहास सर्व पुस्तकांत आहे. मात्र किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडून कसब्याच्या दिशेने चालू लागले की एक साधा प्रश्न उभा राहतो. हा किल्ला इतक्या वेळा हातोहात गेला, तेव्हा बाहेरच्या गावात काय घडत होते? विणकर, तेली, कुंभार, सोनार आणि बागवान यांची वस्ती कोणत्याही तहात आंदण म्हणून नोंदलेली नाही. पण गढीची रसद, खंदकाची दुरुस्ती आणि छावणीचा बाजार त्यांच्यावरच अवलंबून होता. तेली गल्ली, सराफ कट्टा, भुसार गल्ली अशी व्यवसायदर्शक नावे या मूक वस्तीची उरलेली कागदपत्रे आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वेशीवाचून वेस

जुन्या सोलापूरला गावकूस होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत्या वस्तीला वाट करून देण्यासाठी त्याचा बराचसा भाग पाडण्यात आला. तुळजापूर वेस, बाळीवेस आणि विजापूर वेस ही नावे मात्र राहिली.

प्रस्तुत लेखकाने पदवी वर्गातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांसमवेत या परिसरात काही अभ्यासफेऱ्या काढल्या. पहिल्याच फेरीत बाळीवेशीपाशी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वेस कुठे आहे?" दाखविण्यासारखी कमान तेथे नव्हती. शेजारच्या चहाच्या टपरीवरील वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, "तुम्ही उभे आहात तीच वेस." हे उत्तर विनोदाने दिलेले असले तरी नगर-इतिहासाच्या दृष्टीने ते अचूक होते. वास्तू नष्ट झाल्यावरही जागेचे कार्य शिल्लक राहते. रस्ते तेथेच एकत्र येतात, वाहने तेथेच थांबतात, पत्ता सांगताना तेथूनच सुरुवात होते.

याच संदर्भात बार्सिलोना या भूमध्यकाठच्या शहराचे उदाहरण उद्बोधक ठरेल. तेथील तटबंदी इ.स. १८५४ पासून पाडण्यात आली आणि बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर अभियंता सेर्दा याच्या आराखड्यानुसार नवे शहर उभे राहिले. तेथेही 'देवदूताचे द्वार' या अर्थाच्या नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे, परंतु द्वार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या शहराने आपला जुना भाग 'गॉथिक विभाग' म्हणून मोठ्या प्रमाणावर सजविला. आज पर्यटक ज्या कोरीव पुलाचे छायाचित्र मध्ययुगीन समजून घेतात, तो इ.स. १९२८ मध्ये बांधलेला आहे. यावरून दोन बोध घेता येतात. तट पाडणे ही केवळ आपल्याकडील अनास्था नव्हती, तो त्या शतकातील नगरविकासाचा सर्वत्र दिसणारा प्रवाह होता. दुसरे असे की, जुनेपणाची हौस वाढली की जुने नसलेलेही जुने म्हणून उभे केले जाते. उद्या सोलापुरात एखाद्या वेशीच्या जागी सिमेंटची कमान उभारून तिला 'ऐतिहासिक' म्हटले गेले, तर इतिहासाच्या प्राध्यापकाने कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार आधीच झालेला बरा.

पेठा, माग आणि गिरणीचा भोंगा

कसब्याभोवती पेठा वाढत गेल्या. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशा वारांच्या पेठा मराठी नगररचनेच्या परंपरेतील आहेत. साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ, जोडभावी पेठ, बेगम पेठ, पाच्छा पेठ, मुरारजी पेठ ही नावे व्यापार, व्यक्ती, देवता आणि राजवटी यांची आठवण देतात. इ.स. १८६० मध्ये मुंबईकडून रेल्वे सोलापुरास पोहोचली आणि कापसाचा व कापडाचा व्यापार वाढला. इ.स. १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने 'जुनी मिल' या नावाने ओळखली जाणारी गिरणी सुरू झाली. त्यानंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसविला. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव हा त्या वस्तीचा वार्षिक सोहळा होय.

गिरणी ही तटाबाहेरची, रेल्वेच्या काळातील वास्तू. माग ही घरातील वस्तू. या दोहोंतील अंतर पूर्व भागातील गल्ल्यांतून चालताना समजते. दर्शनी खोलीत माग, मागे स्वयंपाकघर, वर माळा अशी घरे पाहिली म्हणजे 'उद्योग' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत का असावेत, असा प्रश्न पडतो. सोलापुरी चादरीस २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. निर्देशांकाच्या प्रमाणपत्रात शहराचे नाव आहे. ज्या गल्लीत खटखट ऐकू येते तिचे नाव नाही. जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली आणि पुढील काळात इतर मोठ्या गिरण्यांचे भोंगेही थांबले.

पावलांनी मोजलेले १९३०

जुन्या शहराच्या पायी वाचनाचा खरा उपयोग प्रस्तुत लेखकास इ.स. १९३० च्या घटनांचा विचार करताना जाणवला. महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यावर सोलापुरात हरताळ व मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला, पोलिसांनी धरपकड केली, जमाव जमला आणि गोळीबारात शंकर शिवदारे हे पहिले हुतात्मा झाले. त्यानंतर क्षुब्ध जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीस मारले गेले, आणि न्यायालयाची इमारतही पेटविण्यात आली. पोलीस शहरातून मागे हटले. पुढील काही दिवस शहराचे व्यवहार आणि बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तो ३० जूनपर्यंत लागू होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले.

एम.फिल.च्या अभ्यासकाळात प्रस्तुत लेखकाने या घटना कागदपत्रांच्या आधारे मांडल्या होत्या. त्या मांडणीत रूपाभवानी, मंगळवार पेठ आणि न्यायालय ही तीन स्वतंत्र ठिकाणे व तीन स्वतंत्र घटना होत्या. सरकारी कागदपत्रांतील 'दंगल' या शब्दाने त्यांना एकत्र बांधले होते आणि लेखकानेही नकळत तोच शब्द स्वीकारला होता. नंतर रूपाभवानीपासून तुळजापूर वेशीच्या मार्गाने मंगळवार पेठेपर्यंत चालून पाहिले, तेव्हा हे अंतर पायी साधारण अर्ध्या तासाचे असल्याचे ध्यानात आले. म्हणजे गोळीबाराची वार्ता, जमलेला जमाव आणि संताप हे सारे एकाच मार्गाने, वस्तीच्या दारांवरून पुढे सरकत गेले. मार्गावर दाट वस्ती होती. प्रत्येक दारात बातमी विचारली गेली असणार आणि प्रत्येक दारातून कोणी ना कोणी सामील झाले असणार. हे अनुमान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कागदपत्रांत विखुरलेली दिसणारी कृती प्रत्यक्ष भूगोलात सलग दिसते, आणि 'दंगल' या शब्दाऐवजी शोकाकुल मिरवणुकीचे रूपांतर असा विचार करण्यास वाव मिळतो. आपल्या पूर्वीच्या मांडणीतील ही उणीव चालल्याशिवाय कळली नसती, हे येथे नमूद करणे कर्तव्य वाटते.

पोलीस शहरातून मागे का हटले, या प्रश्नासही जुन्या शहराची रचना काही अंशी उत्तर देते. बोळांचे शहर तेथे राहणाऱ्यास वाट दाखविते आणि परक्यास अडविते. अल्जिअर्सच्या कसब्यात याच वस्तुस्थितीने १९५७ साली फ्रेंच सैन्याला झुंजविले. फ्रेंचांनी तर १८३० मधील विजयानंतर कसब्याचा खालचा भाग पाडून रुंद रस्ते काढले होते. साम्राज्यसत्तेला अरुंद गल्ली का खुपते, याचा हा दाखला होय. दोन्ही लढ्यांची साधने व विचारसरणी भिन्न होती. सोलापूरच्या स्वयंसेवकांनी त्या दिवसांत रहदारी व सुव्यवस्था राखली, ही गोष्ट त्यांचे वेगळेपण सांगते. तुलना केवळ भूमीच्या रचनेपुरती मर्यादित आहे.

चार हुतात्म्यांचे पुतळे आज ज्या चौकात आहेत, त्यास शहर 'चार पुतळा' म्हणते. बसमधून किंवा दुचाकीवरून जाताना तो एक थांबा असतो. मंगळवार पेठेतून चालत तेथे आले की तो एका मार्गाचा शेवट वाटतो.

संरक्षित शंभर मीटर आणि असंरक्षित शहर

भुईकोट किल्ला हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या सुधारित कायद्यानुसार अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. कायद्याने किल्ल्याला ही रेषा दिली, हे योग्यच झाले. परंतु ज्या कसब्यामुळे किल्ला जिवंत होता, त्या कसब्यातील वाडे, माळवदे, कट्टे आणि आड यांना अशी कोणतीही रेषा नाही. त्यांचे भवितव्य वारसांच्या वाटण्यांवर, भाडेकरूंच्या दाव्यांवर आणि बांधकाम व्यावसायिकांच्या प्रस्तावांवर ठरते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. जुने घर पाडणाऱ्या कुटुंबास दोष देणे सोपे आहे. पावसाळ्यात गळणारे माळवद, सामायिक नळ, अंधारी खोली आणि दुरुस्तीचा खर्च ज्यांनी भोगला आहे, त्यांना वारशाचा उपदेश करण्याचा अधिकार पाहुण्यास नाही. २००६ मध्ये कुंभारी येथे महिला विडी कामगारांसाठी उभारलेली गोदूताई परुळेकर वसाहत व २०२४ मध्ये कामगारांना मिळालेली रे नगरमधील घरे यांनी एका-एका खोलीत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना हक्काचे छप्पर दिले. ही सामाजिक प्रगती आहे. तिच्याबरोबर कामगार वस्त्यांच्या आठवणीही गल्ल्यांमधून बाहेर गेल्या, एवढे इतिहासकाराने नोंदवून ठेवावे.

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहर चहूकडे पसरले. 'हद्दवाढ भाग' हा शब्दच आता पत्त्यात येतो. २०१६ च्या प्रारंभी सोलापूरची निवड स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत झाली आणि ती योजना २०२५ मध्ये संपली. अशा योजनांमध्ये रस्ते, दिवे व सुशोभीकरण यांना प्राधान्य मिळते. गल्लीचे नाव कसे पडले याची नोंद कोणाच्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

दुसऱ्या टोकाचा धोकाही जाणून घ्यावा. भूमध्यकाठी डुब्रोव्हनिक हे तटबंदीचे नगर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील दगड न् दगड जपला गेला, पर्यटक लोटले, घरांची पर्यटकांसाठी निवासस्थाने झाली आणि तटाच्या आत कायम राहणाऱ्या कुटुंबांची संख्या कमालीची घटली. अल्जिअर्सचा कसबाही १९९२ पासून त्या यादीत आहे, तरी तेथील अनेक घरे ढासळण्याच्या अवस्थेत आहेत. यादीत नाव असणे म्हणजे शहर जगणे नव्हे, हा त्यातील धडा. सोलापूरच्या जुन्या शहरात अजून माणसे राहतात, दळण आणतात, सराफ कट्ट्यावर भाव विचारतात आणि जानेवारीत नंदीध्वजाला वाट करून देतात. आपल्या हातातील ही जमेची बाजू आहे.

अध्यापकांसाठी काही सूचना

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, म्हणजे २००४ मध्ये स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ, हे एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ आहे. ही मर्यादा मानली जाते. स्थानिक इतिहासासाठी मात्र ती संधी आहे, कारण बहुतेक विद्यार्थी येथील पेठांतून आणि तालुक्यांतूनच येतात. या पार्श्वभूमीवर पुढील सूचना विचारार्थ मांडाव्याशा वाटतात.

एक, पदवी स्तरावरील स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पात किमान एक पेठ पायी फिरून तिची नोंद करणे समाविष्ट करावे. नोंदीत रस्त्यांची प्रचलित व जुनी नावे, चौक, आड, कट्टे, मंदिरे, दर्गे, तालमी, वाचनालये आणि व्यवसाय यांची माहिती असावी.

दोन, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरातील ज्येष्ठांकडून नावांची उगमकथा लिहून घ्यावी. कथा आणि पुरावा यांतील भेद त्यांना याच कामातून शिकविता येईल. उदाहरणार्थ, शुक्रवार पेठेतील आजोबा गणपतीचा सार्वजनिक उत्सव १८८५ पासून चालत आल्याचे तेथील परंपरा सांगते. हा काल पुण्यातील सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आधीचा आहे. अशा परंपरेची तपासणी कशी करावी, कोणते कागद शोधावेत, हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाठ ठरतो.

तीन, भिन्न भाषिक विद्यार्थ्यांचे गट करावेत. कन्नड, तेलुगू वा उर्दू जाणणारा विद्यार्थी जे ऐकू शकतो, ते केवळ मराठी जाणणाऱ्या अध्यापकास ऐकू येत नाही, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

चार, या नोंदी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात क्रमवार जतन कराव्यात. इ.स. १८८४ च्या गॅझेटिअरवर आपण आजही अवलंबून आहोत, कारण तेव्हा कोणीतरी पाहिलेले लिहून ठेवले. आज आपण न लिहिल्यास पुढील अभ्यासकास अवलंबण्यासारखे काहीच राहणार नाही.

निष्कर्ष

पायी वाचनाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. आजचा रस्ता म्हणजे १९३० चा रस्ता नव्हे. बोळ रुंद झाले, घरे बदलली, नावे सरकली. चालून आलेले अनुमान कागदाने तपासावे लागते, तसाच कागदाने दिलेला निष्कर्ष चालून पडताळावा लागतो. या देवाणघेवाणीतून हाती आलेल्या बाबी अशा : सोलापूरच्या प्रदक्षिणेत गावाच्या सीमेची स्मृती जपलेली आहे, वेशी नष्ट झाल्या तरी त्यांचे नगररचनेतील स्थान टिकून आहे, १९३० च्या घटना जुन्या शहराच्या भूगोलाच्या आधारे पाहिल्यास त्यांची सलगता लक्षात येते, आणि कायद्याचे संरक्षण स्मारकापाशी थांबत असल्याने पेठांचा इतिहास केवळ नोंदींच्या रूपानेच वाचविता येण्याजोगा आहे.

त्या अभ्यासफेरीत वेस विचारणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील आठवड्यात आपल्या आजीकडून ऐकलेली सात जुनी गल्लीनावे वहीत लिहून आणली. त्यांपैकी दोन नावे आज कोणत्याही पाटीवर नाहीत. ती वही आता विभागाच्या कपाटात आहे. शहरातील प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात अशा वह्या जमल्या, तर सोलापूरचा इतिहास किल्ला आणि गिरणी यांच्या मध्ये मोकळी राहिलेली जागा भरून काढू शकेल.